‘एकत्र’वरची खूण

मासा साफ करायला ऑर्विलनं खाली कागद अंथरला, तो नेमका इलिनॉयच्या कराच्या माहितीपुस्तिकेचा निघाला. माशाच्या शेपटीपाशी एक ओळ दिसली, आणि त्याची सुरी जागच्या जागी थांबली. नवरा-बायकोपैकी एकच जण इलिनॉयचा असला आणि दोघांनी विवरणपत्र एकत्र भरलं, तर दोघंही इलिनॉयचेच रहिवासी धरले जातील!

ऑर्विल नदीच्या अलीकडचा, आयोवातल्या एका गावाचा नगराध्यक्ष. बायको लोरेटा म्हाताऱ्या आईसाठी पलीकडे, इलिनॉयमध्ये राहायची आणि शनिवारी घरी यायची. मार्चमध्ये तिचं इलिनॉयचं विवरणपत्र त्यानंच भरलं होतं. ‘वेगवेगळे’वर खूण करायला हात धजेना. एकतीस वर्षांचा संसार, चेष्टा आहे का? त्यानं ऐटीत ‘एकत्र’वर खूण करून सही ठोकली, आणि लोरेटानं पाकीट टपालात टाकलं.

आणि नगराध्यक्ष तर गावचाच रहिवासी लागतो! “डेल्बर्ट हिवाळाभर फ्लोरिडात असतो, गावात राहणारा माणूस निवडा,” असा प्रतिस्पर्ध्याविरुद्ध डंका पिटून तो अवघ्या नऊ मतांनी निवडून आला होता. हे डेल्बर्टला कळलं, तर खुर्ची जाणारच होती, वर गावात तोंड दाखवायची सोय उरणार नव्हती.

तीन दिवस तो लोकांना चुकवत फिरला. दुकानात डेल्बर्टनं सहज विचारलं, “काय रे, नदीपलीकडे काय म्हणतात?” तर ऑर्विलच्या हातून डझनभर अंडी पडली. चौथ्या दिवशी इलिनॉयच्या करखात्याचं पाकीट आलं. लोरेटाचं टपाल अजून इथंच यायचं. पाकीट न फोडताच त्यानं ते फ्रीझरमध्ये माशांखाली दडवलं.

शनिवारी लोरेटानं मासे काढले.

“अरे, टपाल कधीपासून गोठवायला लागलास?”

“फोडू नकोस! मेलो गं मी! इलिनॉयचा झालो!” त्यानं सगळं भडाभडा सांगून टाकलं.

लोरेटाचाच चेहरा पांढरा पडला. “नाही झालास. नाव बघ, माझ्या एकटीचं आहे. ती ओळ मी मार्चमध्येच वाचली होती. तुझा कागद फाडून मी नवा भरला, ‘वेगवेगळे’वर खूण करून. तुला कळू नये म्हणून दोन महिने जीव मुठीत धरून या पाकिटाची वाट बघतेय.”

ऑर्विलनं सुटकेचा निःश्वास सोडला. खुर्ची वाचली होती. मग हळूहळू त्याचं तोंड उतरलं.

“वेगवेगळे,” तो पुटपुटला. “खूण करताना निदान हात तरी थरथरला का गं?”

“थरथरला रे बाबा, खूप थरथरला,” बटाटे सोलता सोलता लोरेटा म्हणाली. सुरी मात्र अखंड साल काढत होती.