पन्नाभाऊंची मोटार शर्यत

सख्ख्या पुतणीचे फेरे चालू असताना पन्नाभाऊ मांडवातून उठले आणि थेट रस्त्यावर गेले. नवरदेवाच्या मामांची मोटार नुकतीच मांडवासमोर येऊन थांबली होती. भाऊंनी रेशमी कोटाच्या खिशातून पाना काढला, कोट कुंपणावर टाकला आणि ते चाकाशी उकिडवे बसले. पाच मिनिटांनी हात पुसत परत आले. भटजी मंत्र थांबवून बघत होते. भाऊ म्हणाले, "चालू द्या महाराज. पुढच्या चाकाचे नट सैल होते. मामासाहेब शिरपूरपर्यंत पोचले नसते."

मांडवात तीनशे माणसं, सनई, वर ध्वनिक्षेपक. त्यात या माणसाला नटांचा आवाज कसा ऐकू आला हे मला आजही कळलेलं नाही.

ही सत्तरच्या आसपासची गोष्ट. धुळ्यात आग्रा रोडवर त्यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतं. घराणं मूळचं मारवाडातलं, पण तीन पिढ्या खानदेशात गेलेल्या. घरी मारवाडी, गिऱ्हाइकाशी अहिराणी, माझ्याशी अहिराणी मिसळलेली मराठी. मोटारीशी मात्र ते बोलत नसत. तिचं ऐकून घेत. मी समोरच्या शाळेत भूगोल शिकवायचो आणि मधल्या सुट्टीत त्यांच्याकडे चहाला जायचो. रस्त्याकडे पाठ करून बसलेले भाऊ कपातला चहा फुंकता फुंकता सांगायचे, "डॉक्टरांची गाडी. दमा शे तिला." शे म्हणजे आहे. दोन दिवसांनी डॉक्टर गाडी ढकलत दुकानाशी येत. भाऊ न बघता मागे हात घालत आणि पाहिजे तोच भाग काढून समोर ठेवत. वर म्हणत, "बठ्ठं व्हई जाई." सगळं होऊन जाईल. ट्रकवाल्यांना डॉक्टरच्या औषधापेक्षा या तीन शब्दांचा गुण लवकर येई.

मुंबईहून इंदूरकडे जाणारी मोटारींची एक शर्यत तेव्हा धुळ्यावरून जायची. वाटेत कुणाची गाडी अडली तर सुटे भाग मिळावेत म्हणून शर्यतवाल्यांनी भाऊंना दुकानासमोर टेबल मांडायला सांगितलं होतं. त्या दिवशी मीही शाळा बुडवून गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाव लोटलेलं. लांबून एक घरघर आली. गाडी दिसायच्या आधीच भाऊ उठले आणि एक पंख्याचा पट्टा हातात घेऊन रस्त्याच्या कडेला उभे राहिले. लाल गाडी करकचून थांबली. हातमोजे घातलेला चालक उतरला, त्यानं तोंड उघडलं आणि भाऊंच्या हातातला पट्टा पाहून तसंच मिटलं. चार मिनिटांत गाडी वाटेला लागली. जाताना तो म्हणाला, "शेठ, तुम्ही दुकानात बसून काय करता? गाडीत बसा."

हे वाक्य भाऊंच्या डोक्यात जाऊन बसलं. चाळीसगावला एका जिनिंगच्या आवारात पडलेली, जिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या अशी एक जुनी मोटार त्यांनी आणली आणि दुकानातल्या भागांनी ती वर्षभरात उभी केली. सकाळच्या वेळी लळिंगच्या घाटात सराव चालायचा. मी घड्याळ धरून शेजारी. पहिल्या दिवशी त्यांनी वळणावर वेग वाढवला तेव्हा मी डोळे मिटले. उघडून बघतो तो भाऊंनीही मिटलेले. "वळणावर तिचं ऐकायचं असतं," ते शांतपणे म्हणाले. त्या दिवसापासून मला या माणसाबद्दल जे वाटू लागलं, त्याला आदर म्हणावं की भीती, मी ठरवू शकलो नाही.

मग जळगाव आणि धुळ्याच्या हौशी मंडळींनी आपलीच शर्यत काढली. धुळ्याहून पारोळ्यावरून जळगाव, तिथून पाचोरा, चाळीसगाव आणि परत धुळे. प्रत्येक गाडीत दोघं हवेत: एक चालवणारा, दुसरा नकाशा बघून ठाण्याठाण्यावर कार्डावर शिक्का घेणारा. दुसरा म्हणजे मीच, यात कुणालाच शंका नव्हती. मी नकाशा पाठ केला, नवी टोपी घेतली.

शर्यतीच्या सकाळी गाडीजवळ गेलो तर माझ्या जागेवर केसरभाभी बसलेल्या. भाऊंची बायको. तोंडावर पदर, मांडीवर डबा, हातात माझाच नकाशा. भाऊ माझ्या नजरेला नजर न देता म्हणाले, "मास्तर, राग मानू नका." मी मानला. टोपी काढून खिशात घातली आणि गर्दीत जाऊन उभा राहिलो.

साडेआठला जळगावहून ट्रंक कॉल आला. पन्नाभाऊ पहिले. दुसरी गाडी सहा मिनिटं मागे. आग्रा रोडवर पेढे निघाले, बँडवाले येऊन बसले. माझा राग कुठल्या कुठे गेला.

अकराच्या सुमाराला पहिली गाडी आली. ती भाऊंची नव्हती. दुसरी आली, तिसरी आली. एकेक करून सगळ्या आल्या. मी प्रत्येक चालकाला धरून विचारत होतो. शेवटी एकानं सांगितलं, "पाचोऱ्याच्या पुढे गाडी निंबाखाली उभी दिसली. मी हॉर्न वाजवला, शेठनी हात हलवला." म्हणजे जीव सुखरूप होता, गाडी बिघडली होती. बँडवाले जेवायला गेले, लोक पांगले. मी एकटाच उभा.

सव्वादोनला भाऊ आले. गाडी सतारीसारखी वाजत होती. "कार्बोरेटरमध्ये कचरा," ते म्हणाले आणि उतरले. मी त्यांच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हात स्वच्छ होते. तेलाचा एक डाग नाही.

गावानं महिनाभर त्यांची थट्टा केली. दुसऱ्यांच्या गाड्यांचं दुखणं ओळखणाऱ्याला स्वतःच्या गाडीचं कळलं नाही म्हणून. भाऊ हसून ऐकून घेत. मला ते बघवेना. एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं तेव्हा मी सरळ विचारलं, कचरा नव्हता ना?

भाऊंनी डब्यातले वॉशर वेगवेगळे करायला घेतले. करता करता सांगू लागले. घरात एकोणीस माणसं. मांजींसमोर, म्हणजे भाऊंच्या आईसमोर, नवरा-बायकोनं बोलायचं नाही ही घराची रीत, आणि मांजी सगळीकडे. बावीस वर्षं संसार झाला; "जेवण झालं का" आणि "औषध घेतलं का" यापलीकडे दोघांचं बोलणं नाही. शर्यतीच्या आदल्या दिवशी भाभींनी जन्मात पहिल्यांदा काही मागितलं, मला घेऊन चला म्हणाल्या. मांजींना सांगितलं, जळगावच्या मंदिरात दर्शनाला जातो, वाटेत शर्यत आहे.

जळगावपर्यंत भाभी दार धरून गप्प होत्या. पाचोरा मागे पडल्यावर त्यांनी पदर मागे घेतला आणि म्हणाल्या, थोडं हळू घ्या, मला बोलायचंय. भाऊंनी गाडी निंबाखाली घेतली आणि बंद केली.

त्यांची पहिली मुलगी बारशाआधीच गेली होती. घरात रडायचं नाही, विषय काढायचा नाही असं मांजींनी बजावलं होतं, आणि दोघांनी तो कधी काढला नाही. एकवीस वर्षं. त्या निंबाखाली भाभी तिच्याविषयी बोलत राहिल्या. तिचे कान कसे होते, उचकी लागली की ती कशी दचकायची. शेजारून गाड्या जात होत्या.

"तिनं नाव ठरवून ठेवलेलं होतं, मास्तर," भाऊ म्हणाले. "मला ठाऊकच नव्हतं."

ते नाव त्यांनी मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

पुढच्या वर्षी पन्नाभाऊंनी पुन्हा नाव दिलं, शेजारी भाभी. जळगावपर्यंत पहिले, धुळ्यात शेवटचे. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. गाव हसलं. मी आग्रा रोडवर त्यांची वाट बघत थांबून राहायचो आणि कुणाला काही सांगायचो नाही.

चौथ्या वर्षी मंडळींची हौस सरली आणि शर्यत बंद झाली. बातमी घेऊन मी दुकानात गेलो. मला भाऊंपेक्षा भाभींचं वाईट वाटत होतं. आता काय करणार, मी विचारलं.

भाऊ गाडीच्या टाकीत पेट्रोल ओतत होते. मान वर न करता म्हणाले, "रस्ता तर शे ना, मास्तर."