कपाटातले मालक

बेल वाजली की कपाटवाले कपाटात जात. दिवाळखोरीचा अर्ज मंजूर झाल्यापासून हा त्यांचा नेम होता. कपाटांचा कारखाना बुडाला, यंत्रं गेली, घेणेकऱ्यांची तोंडं कोर्टाने बंद केली; पण घर बँकेकडे तारण होतं, आणि तारणाला माफी नसते, एवढंच त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. हप्ते मुलीच्या पगारातून वेळेवर जात होते. तरी त्यांचं म्हणणं सरळ होतं: मालक सापडलाच नाही, तर बँक घर मागणार कोणाकडे?

त्या सुट्टीच्या दुपारी दोघं चहाला बसले होते, तेवढ्यात बेल वाजली.

"दूधवाला असेल, बाबा."

"त्याचंही देणं आहे," असं पुटपुटत ते आतल्या खोलीतल्या कपाटात शिरले.

दारात बँकेचा तपासनीस होता. पायपुसण्यावर बूट नीट पुसून तो आत आला.

"मालक आहेत?"

"ते इथे राहत नाहीत." मुलीचे कान तापले.

"आणि तुम्ही?"

एका खोट्याला दुसऱ्याचा टेकू लागतोच. "मी झाडांना पाणी घालायला येते."

तपासनिसाने खोलीभर पाहिलं. झाड एकही नव्हतं. टेबलावर दोन कप होते आणि दोन्हींतून वाफ निघत होती.

"मग अवघड आहे, ताई. हप्ते चालू आहेत, माणसं राहताहेत, तर दिवाळखोरीनंतरही बँक घराला हात लावत नाही. तेवढंच बघायला आलो होतो. पण घर सोडूनच दिलं असेल, तर मला ताबा घ्या म्हणून कळवावं लागेल."

आत धपकन आवाज झाला. मग पुन्हा.

"काय आहे ते?"

"उंदीर," मुलगी म्हणाली.

"मी राहतो इथे," उंदीर म्हणाला. "लग्नापासून राहतो. आणि पोरी, आधी दार उघड."

ते कपाट त्यांनी बायकोसाठी स्वतःच्या हातांनी केलं होतं. त्याची कडी आपोआप लागे आणि बाहेरूनच उघडे. मुलीने ती काढली. कपाटवाले मान खाली घालून बाहेर आले. गेल्या हिवाळ्यात वारलेल्या बायकोचा निळा कोट त्यांच्या खांद्यावर अडकला होता.

तपासनिसाने घसा साफ केला, खिडकीबाहेर पाहिलं, मग कपाटाची फळी बोटाने वाजवली. "पक्कं काम आहे. कुठून घेतलंत?"

"आमच्याच कारखान्यातलं."

"मग कारखाना बुडाला कसा?"

"असाच. एकदा नेलं की गिऱ्हाईक पुन्हा फिरकतच नसे."

तपासनीस हसला आणि 'घरात दोघं राहतात' असं लिहून गेला.

मुलगी आईचे कपडे सारखे करायला वाकली, तर कपाटाच्या तळाशी दबलेली उशी होती. शेजारी लाकडाची छोटी पाचर, चांगली घासून गुळगुळीत केलेली.

"ही कशाला, बाबा?"

"दार लागू नये म्हणून. तू कामावर गेलीस की ती लागते मला."

"मी नसताना एवढी बेल कोण वाजवतं?"

त्यांनी कोटाची बाही सरळ केली. निवलेला चहा पीत बसले. तिने उशी झटकली आणि पाचर होती तिथे ठेवून दिली.

बेल वाजली. मुलगी सवयीने उठली.

"बस तू," कपाटवाले म्हणाले. "दूधवालाच असेल." आणि निळा कोट खांद्यावर तसाच ठेवून ते दार उघडायला गेले.