भिकननानांचे उंबरठे

धुळ्यात आमच्या गल्लीत भिकननाना राहायला आले, तेव्हा सामान आत घेण्याआधी त्यांनी घराचे उंबरठे कापले.

बैलगाडी दाराशी उभी होती. गाडीवान घाई करत होता. आणि नाना जमिनीवर बसून जुन्या सागवानी उंबरठ्यावर करवत ओढत होते. करवत माझी होती, त्यांनी ती नुकतीच माझ्याकडून मागून नेली होती, म्हणून मीही तिथे उभा होतो. समोरच्या ओट्यावर म्हाताऱ्यांची सभा भरली होती. माझ्या आईला राहवलं नाही. ती म्हणाली, "अहो, बिनउंबरठ्याच्या घरात लक्ष्मी पाय कुठे ठेवणार?"

नानांनी कपाळावरचा घाम पुसला. "सपाट जागावर ठेवी, माय. तिलेबी सोपं पडी."

नाना जाऊन आता पुष्कळ वर्षं झाली. धुळ्याची जुनी माणसं भेटली की अजूनही त्यांचा विषय निघतो, हसणं होतं, आणि शेवट ठरलेला असतो: "स्वतःच्या कारागिरीने बायकोची कंबर मोडली हो त्याने." हे खोटं आहे. खरं काय ते मला ती पडली त्या दिवसापासून माहीत आहे आणि मी आजवर गप्प बसलो. माझंही आता फार उरलेलं नाही. नानांच्या नावावरचा हा डाग पुसायचा तर तो मीच पुसायला हवा, कारण तो लागला तेव्हा मी दारातच होतो.

पण आधी नाना कसे होते ते सांगतो. म्हणजे आम्ही का हसत होतो ते कळेल.

नाना मूळचे भडगावकडचे. कापसाच्या जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर होते. काट्यावर त्यांचा हात इतका नेमका, की शेतकरी आणि मालक दोघेही त्यांच्यावर सारखेच चिडून असत. पण हातात हातोडी आली की हा नेमकेपणा कुठे पळून जाई देव जाणे. त्यांनी ठोकलेला खिळा सरळ गेलेला मी पाहिला नाही. डाव्या अंगठ्याला बारा महिने चिंधी बांधलेली. जुनं धाब्याचं घर, मातीच्या जाड भिंती, एकामागे एक तीन खोल्या, मागे विहीर. आणि प्रत्येक भिंतीत नानांनी ठोकलेल्या वाकड्या खुंट्या. काही विचारलं की उत्तर एकच: "हाई तात्पुरतं शे, मास्तर."

मी शाळेत शिकवत असे, म्हणून मास्तर. मूळचा जळगावचा असल्यामुळे धुळेकरांना चार शहाणपणाच्या गोष्टी सांगायचा मला हक्कच आहे असं मी समजत होतो. एकदा म्हणालो, "नाना, सुतार लावा की. दोन दिवसांत काम होईल."

"सुतार काबर म्हनीसन इचारस," नाना म्हणाले. "मी सोताले काही इचारत नही."

सुतार कारण विचारतो, मी स्वतःला विचारत नाही, हे ऐकून मी घरी येऊन पोट धरून हसलो. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं, हे कळायला मला दोन दिवाळ्या लागल्या.

मागच्या दारापासून विहिरीपर्यंत आणि तिथून संडासापर्यंत त्यांनी भिंतीच्या कडेने काथ्याचा दोर बांधला. कपडे वाळत घालायला तो फार खाली, गुरं बांधायला फार वर. "नानांनी घराला वेसण घातली," असं मी म्हणालो आणि ते गल्लीभर झालं. विहिरीचा कठडा त्यांनी स्वतः विटा रचून छातीइतका उंच केला. पाणी शेंदायचं तर पाटावर उभं राहावं लागे. मग प्रत्येक दाराला बैलांच्या गळ्यातल्या घंटा आणून टांगल्या. पुढच्या दाराला बारीक घुंगरांचा पट्टा, मधल्याला घंटी, मागच्याला भलीमोठी घाट. वारा सुटला की सगळं घर वाजू लागे. शेजारचा शिंपी सकाळी ओट्यावरून ओरडे, "नाना, तुमच्याकडे रोजच पोळा का हो?"

"बैल एकच शे. मीच," नाना म्हणत.

आणि स्वतःच्याच घरात शिरताना ते मोठ्यांदा म्हणत, "मीच शे!" जिनातून आले, "मीच शे." विहिरीवरून आत आले, "मीच शे." त्या घरात दोनच माणसं, नाना आणि त्यांची बायको. दुसरं कोण असणार? गल्लीतली पोरं नानांच्या मागे "मीच शे, मीच शे" करत पळत, आणि त्यातली निम्मी माझ्या वर्गातली होती. मी त्यांना कधी रागावलो नाही.

नानांच्या बायकोला सगळे अक्का म्हणत. उंच, गोरी, ताठ बाई. रस्त्यात कुणाला ओळख देत नसे. कुणी हाक मारली तर मान किंचित वळवून गोड हसे, पण आपणहून एक शब्द नाही. बाहेर निघाली तर नानांच्या किंवा कुणा शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवूनच. बायका म्हणत, गर्व आहे. पण उन्हाळ्यात पापड लाटायची वेळ आली की याच बायका तिला आधी बोलावत. अक्काचा पापड हातावर धरला तर पलीकडची बोटं दिसत. लाटताना ती खाली बघतसुद्धा नसे, गप्पा मारत असे, आणि सगळ्यांत मोठ्याने हसत असे. स्वतःच्या घरात तर ती जवळजवळ पळतच चाले. त्या तीन खोल्यांतून तिला जाताना पाहिलं की वाटे, एखादी मुलगी माहेरी आली आहे.

धाब्याची गोष्ट तर सगळ्यांना पाठ होती. पावसाळ्याआधी धाब्यावर खारी माती टाकतात, म्हणजे घर गळत नाही. नाना माती घेऊन वर चढले, जुनी फळी कुजलेली निघाली, आणि ते कमरेपर्यंत खाली आले. धड आकाशात, दोन पाय स्वयंपाकघरात. मी आणि शिंपी धावत गेलो. अक्का चुलीपासून उठून पुढे आली होती. तिने हात लांब केला, ते लोंबणारे पाय चाचपले, आणि विचारलं, "कोन शे?"

वरून आवाज आला, "मीच शे! तात्पुरता!"

शिंपी हसता हसता खालीच बसला. तीस वर्षं संसार केलेली बाई नवऱ्याच्या पायांना नाव विचारते! गणपतीच्या कार्यक्रमात मी या प्रसंगाची नक्कल केली. अक्का बायकांत पुढेच बसली होती. तीही हसली. नाना हसले नाहीत. ते तिच्याकडे बघत होते.

एक गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात यायला हवी होती. पहिल्या वर्षी नानांनी पायऱ्यांच्या आणि ओट्याच्या कडांना चुन्याचे पांढरे पट्टे मारले होते. दर महिन्याला ते उजळत. दुसऱ्या वर्षी ते सोडून दिलं. पट्टे पुसट होत होत गेले. "हौस फिटली," असं आम्ही म्हणालो.

त्या दिवाळीला नानांना एका दिवसासाठी भडगावला जावं लागलं, बहीण आजारी होती. आईच्या मनात तो कापलेला उंबरठा पहिल्या दिवसापासून सलत होता. ती मला म्हणाली, "उद्या लक्ष्मीपूजन. त्या बिचारीला हळदकुंकू वाहायला दारात जागा नाही. नवऱ्याच्या विक्षिप्तपणापायी तिने का सोसावं? आपण गल्लीने मिळून बसवून देऊ. नाना येऊन बघतील तर काय म्हणतील? आनंदच होईल."

मला कल्पना फार आवडली. सुतार मीच आणला. सागाचा चांगला जाड उंबरठा मीच निवडला. आईने करंज्या करायच्या म्हणून अक्काला हाताला धरून आमच्या घरी नेलं आणि गप्पांत गुंतवून ठेवलं. इकडे सुतार खपला. तो खरा सुतार होता. उंबरठा असा बसवला की पहारीने हलला नसता. शिंप्याच्या बायकोने त्यावर हळदकुंकवाची बोटं ओढली, पुढे रांगोळी काढली. संध्याकाळ व्हायला आली होती. आम्ही सगळे दाराच्या दोन्ही बाजूंना उभे राहिलो. कुणी बोलायचं नाही असं ठरलं होतं.

आई अक्काला ओट्यापर्यंत घेऊन आली. तिथे अक्काने तिचा हात सोडला. आपलं घर आलं होतं.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "अक्का, बघा!"

ती थबकली. आवाजाच्या बाजूला मान वळवली, आणि नेहमीसारखी गोड हसली. "वा! झकास करं हो मास्तर," ती म्हणाली. आणि घरात जाताना जशी चालायची, तशी भरभर सरळ चालत गेली.

ती पडल्यावर क्षणभर घुंगरांचा पट्टा वाजत राहिला. मग आम्ही सगळे एकमेकांकडे बघू लागलो. उंबरठा तिच्या समोर होता, उजेड होता, पिवळंधमक हळदकुंकू होतं. तिने त्याचं कौतुक केलं होतं आणि तिला तो दिसला नव्हता. एका क्षणात तो दोर, त्या घंटा, तो कठडा, तिला दिसेनासे झाल्यावर सोडून दिलेले ते चुन्याचे पट्टे, ते "मीच शे", सगळं मला समजलं. मला वाटतं प्रत्येकालाच समजलं.

तिला आत निजवलं. आई तिच्या उशाशी बसून रडत होती. अक्काच तिची समजूत घालत होती. "डोया गयात हाई समजनं तर माले कोनी पापड लाटाले बलावाव नही," ती आईला म्हणाली. "कोपऱ्यात बसाडी देतीन. म्हनीसन आम्हीन कोनले सांगं नही." म्हणजे डोळे गेल्याचं कळलं तर बायका आपल्याला पापड लाटायला बोलावणार नाहीत, एका कोपऱ्यात बसवतील, ही तिची भीती होती. एवढ्यासाठी त्या माणसाने सबंध गल्लीचं हसू अंगावर घेतलं होतं.

नाना दुसऱ्या दिवशी सकाळी आले. दारात थांबले. उंबरठ्याकडे बघितलं, त्यावरच्या हळदकुंकवाकडे बघितलं, मग आमच्याकडे. आत गेले. अक्का त्यांच्याशी हळू आवाजात काहीतरी बोलली. थोड्या वेळाने डॉक्टर आले, त्यांनी विचारलं, बाई कशा पडल्या?

मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो. पण त्याआधी नाना म्हणाले, "मन्हंच काम कच्चं, डॉक्टरसाहेब. मी फरशी बराबर बसाडेल नव्हती."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मी गप्प राहिलो. शिंपी गप्प राहिला. आईसुद्धा. आणि ती फरशीची गोष्ट त्या दिवसापासून खरी झाली. शाळेत, बाजारात, लग्नकार्यात लोक ती मला विचारत, "तुमच्याच गल्लीत ना ते?" आणि मी म्हणत असे, "हो, आमच्याच." अक्काचे डोळे गेले होते हे आम्ही कुणाला सांगितलं नाही. तिच्यासाठी गप्प राहिलो, असं मी स्वतःला सांगत आलो. ते निम्मंच खरं आहे.

कंबर सांधली नाही. अक्का खाटेवरच होती. नानांनी खाटेला हात धरायला एक दांडी ठोकली, वाकडी. पापडाचे दिवस आले तेव्हा आईने गल्लीतल्या बायकांना पोळपाट घेऊन तिच्या खोलीतच बसवलं. अक्का पडल्या पडल्या लाट्या करून देत होती आणि हसत होती. पावसाळ्याआधीच ती गेली.

तिचे दिवस झाल्यावर मी करवत घेऊन नानांकडे गेलो. तीच करवत. संध्याकाळची वेळ होती. ते ओट्यावर बसले होते, अंगठ्याला चिंधी नव्हती.

"नाना, हा काढून टाकतो," मी म्हणालो. "मला एवढं करू द्या."

त्यांनी करवतीकडे बघितलं. "ऱ्हाऊ द्या, मास्तर. आते कोनले लागी?"

त्यांनी हात पुढे करून उंबरठ्याचं लाकूड चाचपलं, जिनात कापूस चाचपत तसं.

"मन्हं बठ्ठं काम तात्पुरतं व्हतं," ते म्हणाले. "तुम्हनं काम पक्कं शे."

त्यात टोमणा नव्हता. तो असता तर मला सोपं गेलं असतं.

मग ते उठले. नव्या उंबरठ्यावरून पाय नीट उचलून पलीकडे ठेवला. घुंगरांचा पट्टा वाजला. आत दिवा लागलेला नव्हता. त्या अंधाऱ्या खोल्यांकडे तोंड करून ते रोजच्यासारखं मोठ्यांदा म्हणाले, "मीच शे!"

आणि तिथेच उभे राहिले.