मधमाशांचा हजाम

प्रार्थना सांगणारे हज्जानसाहेब बाकाखाली शिरले तेव्हा प्रार्थना अर्धीच झाली होती. देवाचं काम अर्धवट टाकायचं नाही म्हणून त्यांनी ती बाकाखालून पुढे चालू ठेवली. लात्सी मुकादम दोन्ही हातांनी स्वतःच्या टकलावर चापट्या मारत हंगेरियन भाषेत काहीतरी बोलत होता, आणि ती प्रार्थना नव्हती. शेजारची साराबाय पदर तोंडावर ओढून पळाली ती सरळ संत्र्याच्या झाडावर आपटली. माझे गुडघे पळण्यातले नाहीत. मी होते तिथेच गवतात बसकण मारली आणि पोह्यांची रिकामी पिशवी डोक्यात घातली. पिशवी पातळ होती, तिच्यातून सगळं दिसत होतं. चाळीस पेट्यांतल्या मधमाशा आमच्या मलिद्यावर उठल्या होत्या.

सामसनभाऊ तेवढा जागचा हलला नाही. तो हळू आवाजात म्हणाला, "पळू नका. पेशंट घाबरतात."

मग त्याने मलिद्याचं ताट उचललं, दोन्ही हातांत छातीशी धरलं आणि शेतातून चालायला लागला. धावला नाही. वॉर्डात कोणी झोपलेलं असताना चालावं तसा चालला. निम्म्याहून जास्त मधमाशा त्याच्या मागोमाग गेल्या. थोड्या वेळाने त्याचं डोकं दिसेनासं झालं, डोक्याच्या जागी नुसता काळा गोळा दिसत होता.

हा सामसनभाऊ मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात सव्वीस वर्षं हजाम होता. केस कापणारा नव्हे. ऑपरेशनच्या आधी पेशंटाचं पोट, पाय, डोकं, जे कापायचं असेल ते साफ भादरून ठेवायचं, हे त्याचं काम. त्याला तो 'प्रिपरेशन' म्हणायचा. इस्रायलला आल्यावर आम्ही अश्केलोनला सरकारी घरांत एका जिन्यावर राहायचो, त्यामुळे ओळख झाली त्या दिवशीच मला कळलं की सव्वीस वर्षांत त्याने एकाही पेशंटाला झोपेतून उठवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा कळलं. नंतर मी मोजणं सोडलं.

आवाजाचं त्याला वावडं होतं. जिन्यात चपला हातात घेऊन चढायचा. आमच्या दारावर नखाने टकटक करायचा, ती कोणाला ऐकू जाणार? एकदा मी केराची बादली घेऊन बाहेर आले तर हा दाराशी उभा. विचारलं, कधीपासून? म्हणाला, अर्धा तास झाला. काय हवं होतं? मीठ. मी म्हटलं, भाऊ, जोरात वाजवायचं. तो म्हणाला, "आत कोणी झोपलेलं असलं तर?" दुपारचे बारा वाजले होते.

बासष्ट साली त्याला पेट्यांवर काम मिळालं. संत्र्यांच्या मळ्याच्या कडेला मधमाशांच्या चाळीस पेट्या होत्या आणि त्यांच्याभोवतीचं गवत कापायला माणूस टिकत नव्हता. गवत कापावं तर लागतंच. वाढलं की पेटीचं दार झाकतं, मुंग्या त्याच्यावरून आत चढतात, आणि उन्हाळ्यात वाळलं की एका विडीने सगळं पेटतं. पण मधमाशीला दणका खपत नाही, घामाचा वास खपत नाही, कापलेल्या गवताचाही खपत नाही. सामसनभाऊच्या आधी तिघे आले. पहिला पाण्याच्या पाटात जाऊन बसला. दुसरा विळा तिथेच टाकून घरी गेला. तिसरा अजून पळतोय, असं लात्सी सांगायचा.

सामसनभाऊने पेट्या पाहिल्या आणि म्हणाला, हा तर वॉर्ड आहे.

तेव्हापासून पेटी म्हणजे बेड झाली आणि माशा म्हणजे पेशंट. पहाटे गारठ्यात, माशा आत असताना, तो पेटीच्या पाठीमागे उकिडवा बसायचा. डाव्या हाताच्या मुठीत मावेल एवढंच गवत धरायचं, विळा मुळाशी टेकवायचा आणि ओढायचा, हिसका द्यायचा नाही. कापलेली मूठ टोपलीत ठेवायची, टाकायची नाही. पेटीच्या दाराखालचं गवत विळ्याने कापणं त्याला रानटी वाटायचं. तिथे तो पोटावर आडवा व्हायचा आणि इस्पितळातला जुना वस्तरा काढून एकेक काडी भादरायचा. मी डोळ्यांनी पाहिलंय. सकाळी अंगाला साबण नाही, डोक्याला तेल नाही, आदल्या रात्री कांदा-लसूण नाही.

दिवसाला दोन पेट्या व्हायच्या. चाळिसावी होईपर्यंत पहिलीचं गवत पुन्हा गुडघ्याला यायचं. म्हणजे काम कधी संपतच नव्हतं, आणि त्याला तेच हवं होतं.

प्रत्येक पेटीला खिळ्यावर त्याने एक कागद लावला होता, पेशंटाच्या खाटेला असतो तसा. वर मराठीत लिहायचा, 'बेड ११. रात्र बरी गेली. स्वभाव तापट.' 'बेड २६. भूक चांगली.' लात्सीला त्यातलं अक्षर कळत नव्हतं, पण कागदाचा त्याला मान होता. महिनाअखेरीस सगळे कागद काढून लात्सी ते फायलीला लावायचा. लात्सी स्वतः पेटी उघडताना धुराचा डबा वापरायचा. सामसनभाऊला तो डबा बघवत नसे. एकदा माझ्याकडे येऊन तणतणला, तेही कुजबुजत. "पेशंटाच्या तोंडावर कोणी विडी ओढतो काय, लेआबाय?"

आता त्याचा मुलगा. मुलगा हैफाला बंदरावर कामाला, चांगला मुलगा. हिवाळ्यात हनुक्काच्या सणाला आला आणि बापाला हिब्रूत म्हणाला, पुरे झालं, आता आमच्याकडे चला. सामसनभाऊ मराठीत नाही म्हणाला. असं दोन दिवस चाललं. शेवटी ठरलं की वसंतातल्या पेसाखच्या सणापर्यंत बापाला क्वीउत मिळाली, म्हणजे हंगामी मजुराचा कायम नोकर झाला, तर मुलगा पुन्हा विषय काढणार नाही. नाही मिळाली तर बापाने सामान बांधायचं.

मी त्याला म्हटलं, जा की, सून वाईट आहे का?

"सून लाख आहे, लेआबाय. तोच तर त्रास आहे. चमचासुद्धा धुऊ देत नाही. सकाळी खुर्चीत बसवते आणि रात्री उठवते."

आणि नेमकं त्याच वेळेस लात्सीच्या डोक्यात गवत कापायचं मोटरचं यंत्र आलं. यंत्र आलं की सामसनभाऊ जाणार. लात्सी दुष्ट नव्हता, पण दोन वर्षांत त्याने सामसनभाऊला धावताना पाहिलं नव्हतं, त्याचा त्याच्या मनावर परिणाम झाला होता. महिनाअखेरीस सांगतो, म्हणाला.

तेव्हा सामसनभाऊने आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस केला. आम्हा बेने इस्राएलांना, म्हणजे कोकणातल्या यहुद्यांना, अडलं की एलियाहू हन्नाबी, आणि एलियाहू हन्नाबी म्हटलं की मलिदा. तु बिशवात, म्हणजे झाडांचा सण, जवळ आला होता. कोकणात त्या दिवशी आमची माणसं खंडाळ्याला खडकावर उमटलेल्या त्याच्या पावलांशी जायची. इथे खंडाळा कुठला? सामसनभाऊने ठरवलं की नवस पेट्यांसाठी आहे, तर मलिदाही पेट्यांपाशीच. लात्सीलाही बोलावलं. जेवण म्हटल्यावर तो आला.

चौसष्ट सालची ही गोष्ट. आठवडाभर पाऊस पडून त्या दिवशी कडक ऊन पडलं होतं. प्रार्थनेला दहा पुरुष जमले, वर लात्सी, आणि मलिदा कालवायला आम्ही तिघी बायका. पेट्यांच्या वाटेवर सामसनभाऊने एकेकाला थांबवून वास घेतला. माझ्या डोक्याला खोबरेल होतं, ते त्याने पाटावर धुवायला लावलं. साराबायची मोगऱ्याची अत्तराची कुपी काढून घेतली. हज्जानसाहेबांनी सकाळी कांदा खाल्ला होता; त्यांना वाऱ्याच्या पलीकडच्या बाजूला उभं केलं. चपला सगळ्यांच्या काढल्या. लात्सीचे बूट निघेनात तर त्यांना फडकी बांधली.

पोहे मुंबईहून आलेले होते, मी सहा महिने जपून ठेवलेले. खोबरं पाकिटातलं. गुळाऐवजी साखर. मलिद्याच्या ताटात फळं पाच लागतात. संत्री, सफरचंद, खजूर, डाळिंब झालं. पाचवं केळं. केळ्याशिवाय मलिदा कोणी ऐकलाय? सामसनभाऊ स्वतः बसने बाजारात जाऊन केळी घेऊन आला, चांगली पिकलेली, सालीवर काळे ठिपके पडलेली. पहिल्या पेटीपासून चार पावलांवर ताट मांडलं आणि त्याने हज्जानसाहेबांना म्हटलं, सुरू करा, पण हळू.

मग साराबायने पहिलं केळं सोललं.

मधमाशी चावली की तिच्या अंगातून पिकल्या केळ्यासारखा वास सुटतो आणि तो वास आला की बाकीच्या समजतात, मारामारी सुरू झाली, धावा. पेट्यांवर काम करणाऱ्याला हे माहीत असतं. लात्सीला माहीत होतं, पण तो जेवणाकडे बघत होता. सामसनभाऊला माहीत नव्हतं, कारण केळं खाऊन कामावर जावं असा श्रीमंत तो कधीच नव्हता. आम्ही साबण धुतला, तेल धुतलं, अत्तर जप्त केलं, आणि मधोमध डझनभर केळी मांडली.

तर सामसनभाऊ ताट घेऊन चालत गेला. मळ्याच्या टोकाला पाण्याचा पाट आहे, तिथे त्याने ताट पाण्यात सोडलं आणि तसाच चालत परत आला. तोवर आम्ही लात्सीच्या पत्र्याच्या खोलीत दार लावून बसलो होतो. दारावर नखाने टकटक झाली. ती मात्र आम्हा सगळ्यांना ऐकू आली.

त्याचा एक डोळा मिटला होता आणि दुसरा मिटत आला होता. आत येऊन त्याने आम्हाला ओळीने बसायला सांगितलं आणि खिशातून वस्तरा काढला. मधमाशीचा काटा चिमटीत धरून ओढला तर उरलेलं विष आत जातं, तो आडव्या पात्याने खरवडून काढावा लागतो. सव्वीस वर्षांत हात बसलेला होता. माझ्या मानेवरचे सात काढले, मला समजलंही नाही. हज्जानसाहेबांची दाढी वाचवून त्यांचे काढले. सगळ्यात शेवटी लात्सीचं टक्कल घेतलं. लात्सी डोळे मिटून बसला होता. हजामत चालली असताना सगळे पुरुष गप्प होतात तसा गप्प झाला होता. काम संपल्यावर सामसनभाऊने त्याच्या डोक्यावर फुंकर मारली, वस्तरा पुसला, मिटला, आणि तिथेच जमिनीवर बसला. मग पडला.

इस्पितळात दुसऱ्या दिवशी मी सूप घेऊन गेले. तोंड भोपळ्यासारखं झालेलं, दोन्ही डोळे बंद. माझ्या चपलांच्या आवाजावरून त्याने मला ओळखलं. म्हणाला, नर्सने मोजले, एकाहत्तर काटे निघाले. मी म्हटलं, जगलात हे बघा. तो म्हणाला, "काटा गेला की माशी मरते, लेआबाय. एकाहत्तर पेशंट गेले."

मी म्हटलं, त्या माशा आहेत.

मग त्याने बायकोची गोष्ट काढली, जी दोन वर्षांत कधी काढली नव्हती. तिच्या डोक्याचं ऑपरेशन होतं, त्याच्याच इस्पितळात. केस कमरेपर्यंत. सारखी म्हणायची, केस नको कापायला. इंजेक्शन देऊन तिला झोपवल्यावर हा वस्तरा घेऊन बसला. तिने बघू नये, रडू नये, म्हणून इतक्या हळू हात चालवला की तिची पापणीसुद्धा हलली नाही. ऑपरेशननंतर ती उठली नाही.

"उठवायला हवी होती," तो म्हणाला. "शिव्या घातल्या असत्यान. काहीतरी बोलली असती."

मी त्याला सूप गार होतंय म्हणून सांगितलं. चमचा मागितला तेव्हा त्याच्याच हातात दिला. निम्मं सांडलं, पण स्वतः प्याला.

तिसऱ्या दिवशी लात्सी आला, डोक्यावर फडकं बांधून. क्वीउतचा कागद त्याने आणला होता. यंत्राचं काय झालं, मी विचारलं. तो म्हणाला, एलियाहू हन्नाबीने पेट्यांकडे पुन्हा यायचं नाही एवढी अट आहे, बाकी गवत मुठीनेच कापलं जाईल. सामसनभाऊला दिसत नव्हतं, म्हणून लात्सीने त्याचं बोट धरून सही करायची जागा दाखवली. मुलाला आम्ही काही कळवलं नाही. पेसाखला तो आला तेव्हा बापाची सूज उतरली होती. कागद बघून तो परत गेला.

सामसनभाऊने त्या पेट्यांवर पुढे नऊ वर्षं काम केलं. साराबायच्या कपाळावर झाडाची खूण राहिली. हज्जानसाहेबांनी कांदा सोडला नाही. त्या दुपारी पेट्यांपाशी आम्ही चौदा माणसं होतो. चौदाही जगलो.