दोन हँडलवाल्यांची सोयरीक

जुन्या हँडलवाल्यांकडची लग्नपत्रिका सकाळी आली आणि नव्या हँडलवाल्यांकडची दुपारी. खरेदीसाहेबांनी दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या आणि तोंडातला चहा तोंडातच राहिला. तारीख एक, वेळ एक, हॉल एक. एकीत नवरदेवाचं नाव आधी होतं आणि दुसरीत नवरीचं, एवढाच काय तो फरक.

बॅगांच्या कारखान्यात खरेदीचं खातं सांभाळणाऱ्या माणसाला यात हादरण्यासारखं काय, असं कुणी विचारेल. तर बॅगेला चाकं नसली तरी ती विकते, कुलूप नसलं तरी विकते, पण हँडल नसलेली बॅग कुणी फुकटही नेत नाही. मागच्या वर्षी जुन्या हँडलवाल्यांचं मशीन बिघडलं आणि गोदामात बिनहँडलच्या बॅगांचा डोंगर उभा राहिला. तेव्हा मालकांनी खरेदीसाहेबांना समोर बसवून सुनावलं होतं.

"एकाच्या भरवशावर राहायचं नाही. दुसरा सप्लायर धरा. आणि दोघांशी संबंध असे ठेवा, की अडीनडीला हाक मारली तर धावत आले पाहिजेत."

खरेदीसाहेबांचा स्वभाव असा, की वीतभर सांगितलं तर हातभर करायचं. त्यांनी नवे हँडलवाले शोधून काढले. पण दोघांचं एकमेकांशी विळ्या-भोपळ्याचं सख्य. एकाची गाडी फाटकात दिसली की दुसरा बाहेरूनच परत जायचा. मग खरेदीसाहेबांनी दोघांनाही सहकुटुंब आपल्या घरी जेवायला बोलावलं. दोघे हँडलवाले एकमेकांकडे पाठ करून जेवले. जुन्यांचा मुलगा आणि नव्यांची मुलगी मात्र जेवण उरकून गॅलरीत उभी राहिली होती.

"पोरं शहाणी आहेत," खरेदीसाहेब बायकोला म्हणाले. "भांडणात न पडता हवा खातायत."

"अहो, ती हवा खायला गेली नाहीत."

"मग?"

"काही नाही. तुम्ही पाणी घ्या."

त्या वाक्याचा अर्थ आज दोन पत्रिकांच्या रूपानं टेबलावर पडला होता. आणि नेमक्या त्याच तारखेला सकाळी एका दुकानदाराला भलीमोठी ऑर्डर पोचवायची होती. गिऱ्हाईक कोण, ते दुकानदार सांगायला तयार नव्हता. मालकांनी मात्र स्पष्ट सांगितलं होतं, की त्या दिवशी माल गेला नाही तर दुसऱ्या दिवशी खरेदीसाहेबांनी यायची तसदी घेऊ नये.

खरेदीसाहेबांनी घाईघाईनं जुन्यांना फोन लावला.

"साहेब, आमचं मशीन आजपासून बंद," जुने म्हणाले. "सगळी माणसं लग्नाच्या कामात. तुम्ही आमच्या व्याह्यांना सांगा ना."

"कुठले व्याही?"

"नवे हँडलवाले. भला माणूस हो. उगाच इतकी वर्षं तोंड फिरवून बसलो."

नव्यांनी तर ऐकूनच घेतलं नाही. "छे छे, माझ्याकडे मुलीचं लग्न. मला मान वर करायला फुरसत नाही. व्याह्यांना सांगा. मुलाकडची मंडळी, बसूनच असतील."

"अहो, तेही बंद, तुम्हीही बंद. मी हँडल आणू कुठून?"

"साहेब, तुमच्या घरी जमलं हे लग्न. आता तुम्हीच असं बोलायचं?"

खरेदीसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. गावाबाहेर एक तिसरा हँडलवाला असल्याचं त्यांनी ऐकलं होतं. त्याला फोन लावला, तर मागून बायकांचा हसण्याखिदळण्याचा गलका.

"हँडल? आत्ता नाही जमायचं," तो माणूस म्हणाला. "भाचीचं लग्न आहे. मी नवरीचा मामा."

खरेदीसाहेबांनी जाऊन मालकांना हे सगळं सांगितलं.

"मी संबंध वाढवा म्हटलं होतं," मालक म्हणाले. "वरात काढा म्हटलं नव्हतं."

लग्नाच्या दिवशी सकाळी खरेदीसाहेबांनी मन घट्ट केलं आणि सगळ्या बॅगा तशाच, बिनहँडलच्या, गाडीत भरून दुकानदाराकडे रवाना केल्या. माल गेला पाहिजे, एवढंच मालक म्हणाले होते. मग त्यांनी फोन बंद केला आणि बायको-मुलीला घेऊन लग्नाला गेले. नोकरी जाणारच होती, निदान जेवून तरी जावी असा त्यांचा विचार.

हॉलमध्ये मालकही आले होते. त्यांनी खरेदीसाहेबांकडे बघितलं नाही. लग्न लागलं, जेवणं झाली, आणि पाहुणे भेटवस्तू घेऊन निघू लागले. तेव्हा खरेदीसाहेबांना एक आजोबा दिसले. त्यांनी निळ्या रंगाची मोठी बॅग लेकरासारखी कडेवर घेतली होती. त्यांच्यामागे एक बाई बॅग डोक्यावर घेऊन आली. तिच्यामागे एक जोडपं दोन्ही बाजूंनी बॅग धरून कपाट हलवावं तसं आडवं चालत होतं. तो निळा रंग खरेदीसाहेबांनी स्वतः निवडला होता.

तेवढ्यात दोन्ही हँडलवाले धावत आले.

"साहेब, हे काय?" जुने म्हणाले. "तुमच्यामुळे सोयरीक जमली, म्हणून पाहुण्यांना तुमच्याच कारखान्याच्या बॅगा द्यायचं ठरवलं होतं. तुम्हाला कळू नये म्हणून दुकानदारामार्फत मागवल्या. आणि यांना हँडलच नाहीत?"

"कुठून असणार?" खरेदीसाहेब म्हणाले. "तुम्ही दिली नाहीत."

जुन्यांनी नव्यांकडे बघितलं, नव्यांनी जुन्यांकडे. दोघांचेही डोळे पांढरे व्हायची वेळ आली. दोन्ही घरं हँडलची, आणि पाहुणे बॅगा बखोटीला मारून चाललेले. मागे उभ्या मालकांना मात्र हसू आवरेना. गिऱ्हाईक हेच, आणि कसूरही यांचीच. तक्रार करणार कोण? त्यांनी खरेदीसाहेबांच्या पाठीवर थाप मारली. त्या थापेनं खरेदीसाहेबांना आपली नोकरी परत मिळाल्याचं कळलं आणि जिवात जीव आला.

"झाली ती शोभा पुरे," जुने नव्यांचा हात धरून म्हणाले. "मी तुमच्यावर ढकललं, तुम्ही माझ्यावर, म्हणून हे झालं. उद्यापासून दोन कारखाने नाहीत. एकच."

आजूबाजूच्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांचं हसू जागच्या जागी थिजलं.

"म्हणजे पुन्हा एकच सप्लायर," ते दबक्या आवाजात म्हणाले. "साहेब, दुसरा बघा. आजच बघा. ते मामा उभे आहेत ना तिकडे, त्यांचा कारखाना वेगळा आहे. धरा त्यांना. पण या वेळी फक्त धंद्याचं बोला. घरी जेवायला बोलावू नका."

"नाव काढत नाही," खरेदीसाहेब म्हणाले आणि मामांच्या दिशेनं निघाले. वाटेत बायको भेटली.

"आपली लेक कुठेय गं? निघायला हवं."

"गॅलरीत आहे," बायको म्हणाली. "मामांच्या मुलाबरोबर."

खरेदीसाहेब मटकन खुर्चीवर बसले. समोरून मामा दोन्ही हात पसरून, तोंडभर हसत येत होते.

"हवा खात असतील ना गं?" त्यांनी क्षीण आवाजात विचारलं.

बायकोनं शेजारचा पेला उचलून त्यांच्या हातात दिला.

"तुम्ही पाणी घ्या," ती म्हणाली.