खुर्चीवरची खुडूक

विंझरच्या पुढच्या वाडीतल्या शाळेत सार्थक फिरकायचाच नाही. त्याचा सारा जीव कोंबड्यांत. शेवटी शेफाली मॅडम म्हणाल्या, "कोंबडी घेऊनच ये. तुझं गणित तिच्यावर करू."

पोरगं रोज येऊ लागलं. गुणाकार अंड्यांवर शिकलं, वजाबाकी मुंगसावर. मॅडम हरखून गेल्या. पण त्याची तांबडी कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला जागा शोधू लागली आणि साहेबांसाठी राखलेल्या, शाळेतल्या एकुलत्या गादीच्या खुर्चीत फतकल मारून बसली. आता खुडूक कोंबडी दिसल्यावर बायका कुठल्या गप्प बसतायत! शाळेशेजारच्या ठकुबाईंनी पदरातून अंडी आणून तिच्या पोटाखाली सरकवली.

"आता हलवायची न्हाई हां बाई. अंडी गार पडत्यात."

आणि दुसऱ्याच दिवशी केंद्रप्रमुख इंद्रजित साहेब तपासणीला हजर.

"हळू बोला सायेब, ती बसलीय," सार्थक कुजबुजला.

"आणि मी कुठं बसू?"

साहेबांनी खुर्चीला हात घातला. तांबडीनं असा टोचा हाणला, की साहेब बोट चोखत सतरंजीवर बसले.

"मॅडम, हे आवडीचं शिक्षण पुरे! हाकला तिला."

"अंडी माजी हायेत," दारातून ठकुबाई कडाडल्या. "बसल्याली कोंबडी उठवाय निगाला व्हय?"

साहेब नरमले. "बरं. ती आपणहून उठेपर्यंत चालू द्या. उठली, की हे सगळं बंद!"

साहेब गेल्यावर सार्थकनं विचारलं, "मंग पिल्लं निगाल्यावर म्या पुन्यांदा घरीच का?" मॅडम पुसलेला फळाच पुन्हा पुसू लागल्या. त्यांना फार वाईट वाटलं.

पिल्लं निघायची ती निघालीच. तांबडी लेकरं घेऊन ऐटीत पटांगणात उतरली. दुसऱ्या दिवशी मॅडम जड मनानं खुर्ची पुसायला गेल्या, तर खुर्चीत काळी कोंबडी!

"सखूबाईची हाय," ठकुबाई म्हणाल्या. "घरी मांजराचा लई तरास. हिच्यामागं धोंडाबाईच्या कोंबडीचा नंबर."

काळी चांगली रुळली, तेव्हा साहेबांचा फोन आला. "उठली का कोंबडी?"

मॅडमना खोटं बोलता येत नसे. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं. "नाही साहेब. खुर्चीत कोंबडी बसलेलीच आहे."

"मॅडम, इतके दिवस कुठली कोंबडी बसते हो? मी भोंगवलीच्या शेतकऱ्याचा पोरगा आहे."

मॅडमनी डोळे मिटून घेतले. सार्थक समोर उभा होता.

पलीकडून साहेबांचा आवाज एकदम खाली आला. "आमच्या घरची पण कालपासून खुडूक झालीय. तिला कधी आणू?"