पहिले खांदा देख

आमच्या धुळ्यात कोणाकडे पाहुणा उतरला की त्याला गावातले पुतळे दाखवायला नाना शिंपी नेतात. पाहुण्याला विचारायची पद्धत नाही. गळ्यात टेप, कानावर खडू, भर उन्हात पांझरेच्या पुलावरून नाना पुढे आणि पाहुणा मागे. पुतळ्यासमोर पाहुणा चेहरा न्याहाळू लागला की नाना त्याची हनुवटी धरून मान फिरवतात.

"थोबाड काय देखस, भाऊ? पहिले खांदा देख."

माणूस थोर झाला म्हणून त्याचा कोट बिघडवायचा हक्क शिल्पकाराला मिळत नाही, असे नानांचे मत. बागेतल्या पुढाऱ्याची बटणे बायकी बाजूला आहेत म्हणून त्यांनी नगरपालिकेला सात अर्ज केले. चौकातल्या घोडेस्वाराच्या अंगरख्याची काख घट्ट आहे, तलवार उपसताना शिवण उसवणार, हे ते इतक्या जोरात सांगतात की घोडा कान टवकारतो. मी स्वतः पाहिले आहे. एकदा एसटीने धूळ खात जळगावला नवा पुतळा बघायला गेले, "मागे घोळ जास्ती शे" म्हणाले आणि त्याच गाडीने परत आले.

मग देवपुरातल्या शाळेचे हेडमास्तर आबा वारले. आबांचा प्रत्येक कोट नानांनी शिवलेला. शाळा सुटली की आबा नानांच्या दुकानातल्या बाकावर येऊन बसायचे. गावाने त्यांचा पुतळा करायचे ठरवले. समितीचा चिटणीस मी.

शिल्पकाराने मातीचा नमुना शाळेत आणला. बघतो तर आबांचा डावा खांदा चांगला दोन बोटे खाली. जिनिंगवाले आमचे अध्यक्ष तापले. आबा कसे ताठ चालायचे हे साऱ्या गावाने पाहिले होते. शिल्पकाराने आबांच्या घरून मिळालेला फोटो पुढे केला. आबा अंगणात, नुसत्या बंडीवर, आणि डावा खांदा खाली. अध्यक्ष म्हणाले, फोटोवालाच वाकडा उभा असेल. दोन्ही बाजू हटेनात. नमुना परत जायची वेळ आली तेव्हा नानांना बोलावले.

आता नाना गरजणार म्हणून मी पाण्याचा तांब्या जवळ ओढला. नानांनी फोटो पाहिला, खांदा पाहिला आणि हळू आवाजात आम्हा सगळ्यांना चहा पिऊन यायला सांगितले.

छत्री विसरली म्हणून मी एकटाच मागे फिरलो. नाना स्टुलावर चढून आबांच्या डाव्या खांद्यावर ओली माती थापत होते. कोटावरची सुरकुती काढावी तसा अंगठा फिरत होता. मला पाहून थांबले.

"पोऱ्हे हसतीन म्हनीसन आबा घाबरेत. तीस वरीस मी कोटना खांदामा कापूस भरा, आते माटी. कोनले सांगू नको, भाऊ."

तेवढ्यात शिल्पकार आला. त्याने खांदा पाहिला, नानांचे बरबटलेले हात पाहिले आणि ओल्या फडक्याने बोटांचे ठसे पुसून टाकले.

आज आबा शाळेसमोर ताठ उभे आहेत. नाना अजून पाहुण्यांना फिरवतात. तोवर पाहुणा तयार झालेला असतो. आबांसमोर आला की आपण होऊन खांद्याकडे बघतो. नाना त्याची हनुवटी धरतात आणि मान खाली वळवतात.

"बूट देख, भाऊ. बूट भारी जमनात."